नाममुद्रा आणि ‘व्यक्तिगत ब्रँड’ : ‘तुका म्हणे’च्या संदर्भात अस्सलपणाची चिकित्सा

गोषवारा : स्वतःच्या नावाची ठळक, विश्वासार्ह आणि ‘अस्सल’ ओळख जाणीवपूर्वक घडवावी, असा उपदेश आज व्यवस्थापनशास्त्रापासून महाविद्यालयीन व्यक्तिमत्त्वविकास वर्गांपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. मराठी संतकाव्यात कवितेच्या शेवटी कवीचे नाव गुंफण्याची, म्हणजेच नाममुद्रेची, दीर्घ परंपरा आहे. प्रस्तुत लेखात ‘व्यक्तिगत ब्रँड’ या संकल्पनेची चिकित्सा या परंपरेच्या आधारे केली आहे. त्यासाठी तुकोबांची मुद्रा, सालोमालोचे प्रकरण, नामदेव-ज्ञानदेवांच्या नावांविषयीचे वाद, आधुनिक कवींची टोपणनावे आणि बाबुराव बागूल यांची एक कथा विचारात घेतली आहे.

बीजशब्द : नाममुद्रा, व्यक्तिगत ब्रँड, अस्सलपणा, संतकाव्य, कर्तृत्व, टोपणनाव.

१. प्रस्तावना

१९९७ साली ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकन नियतकालिकात टॉम पीटर्स यांचा ‘द ब्रँड कॉल्ड यू’ हा लेख प्रसिद्ध झाला. वय, पद किंवा व्यवसाय कोणताही असो, प्रत्येक व्यक्तीने स्वतःकडे एक ब्रँड म्हणून पाहावे, आपण जणू ‘मी’ नावाच्या कंपनीचे प्रमुख आहोत असे समजून त्या कंपनीचे विपणन करावे, हा त्या लेखाचा आशय होता. त्यानंतरच्या काळात ही कल्पना व्यवस्थापनशास्त्रापुरती राहिली नाही. नोकरीच्या शोधात असलेला पदवीधर, प्राध्यापक, डॉक्टर, कीर्तनकार, कवी अशा सर्वांपर्यंत ती पोहोचली. समाजमाध्यमांच्या प्रसारानंतर तर स्वतःची ओळख ‘घडवणे’ हे एक स्वतंत्र कौशल्य मानले जाऊ लागले.

या उपदेशाला पुढे एका विशेषणाची जोड मिळाली. ब्रँड हवा, पण तो ‘अस्सल’ हवा. खोटेपणा लोकांना लगेच कळतो, म्हणून स्वतःशी प्रामाणिक राहा आणि तो प्रामाणिकपणा सातत्याने लोकांसमोर ठेवा, असे सांगितले जाते. हा सल्ला वरवर पाहता निर्दोष वाटतो. तथापि त्यात एक अंतर्विरोध आहे. प्रामाणिकपणा लोकांना दाखवण्यासाठी असेल, तर त्याची दिशा आधीच बदललेली असते. लायोनेल ट्रिलिंग यांनी ‘सिन्सिअरिटी अँड ऑथेंटिसिटी’ (१९७२) या ग्रंथात नेमका हाच पेच मांडला आहे. इतरांशी खोटे वागणे टळावे एवढ्याच हेतूने मनुष्य स्वतःशी खरा राहत असेल, तर तो स्वतःशी खरोखर खरा आहे काय, हा त्यांचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मराठी साहित्याच्या भूमीवरून विचारावयाचा आहे. आपल्या भाषेत नाव आणि उक्ती यांच्या नात्याचा विचार किमान सात शतके प्रत्यक्ष काव्यव्यवहारातून होत आला आहे. त्या व्यवहाराचे नाव ‘नाममुद्रा’. ब्रँड आणि नाममुद्रा एकच होत, असे येथे म्हणावयाचे नाही. मात्र या दोहोंना शेजारी ठेवल्यास ‘अस्सल नाव’ म्हणजे काय, हे अधिक स्पष्टपणे दिसू शकते, अशी या लेखामागील धारणा आहे.

२. ‘ब्रँड’ आणि ‘मुद्रा’ : शब्दविचार

‘ब्रँड’ या इंग्रजी शब्दाचे मूळ जळणे, जाळणे या अर्थाच्या प्राचीन जर्मानिक शब्दात आहे. गुरांच्या अंगावर तापल्या लोखंडाने डाग देण्याची क्रिया त्याने दर्शविली जाई. डाग दिलेले गुरू कोणाचे, हे त्या खुणेवरून ओळखले जात असे. म्हणजे मूळ अर्थाने ब्रँड हा ज्याच्या अंगावर असतो त्याचे स्वत्व सांगत नाही, तो त्याचा धनी सांगतो. ही गोष्ट व्यक्तिगत ब्रँडचा पुरस्कार करणारे लेखन सहसा विसरते.

आपल्याकडील ‘मुद्रा’ या शब्दालाही अर्थाच्या अनेक छटा आहेत. मुद्रा म्हणजे चेहऱ्यावरील भाव, मुद्रा म्हणजे शिक्का, मुद्रा म्हणजे नाणे, आणि मुद्रा म्हणजे वैष्णवांनी अंगावर धारण केलेली शंखचक्रादी चिन्हे. माध्व संप्रदायात तापवलेल्या धातूने ही चिन्हे शरीरावर उमटवून घेण्याचा, म्हणजे तप्तमुद्रा धारण करण्याचा विधी आहे. येथे ‘ब्रँड’ आणि ‘मुद्रा’ हे शब्द क्रियेच्या दृष्टीनेही एकमेकांच्या अगदी निकट येतात. फरक एवढाच की डाग गुरावर लादला जातो, तर तप्तमुद्रा भक्त स्वेच्छेने स्वीकारतो. दोन्हींतून मिळणारे उत्तर मात्र ‘मी कोणाचा’ या प्रश्नाचे असते.

ऐतिहासिक पत्रव्यवहारातील मुद्रेचेही एक कार्य येथे लक्षात घेण्याजोगे आहे. मराठेशाहीतील पत्रांच्या शेवटी ‘मोर्तब’ केला जाई. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. शेवटी येणारा शिक्का मजकुराची मर्यादा ठरवतो आणि त्या मर्यादेतील प्रत्येक शब्दाची जबाबदारी घेतो. अभंगाच्या अखेरच्या चरणात येणारी नाममुद्रा हेच कार्य काव्यात करते, असे म्हणता येईल.

३. संतकाव्यातील नाममुद्रेची रूपे

संतांच्या नाममुद्रा एकत्र ठेवून पाहिल्यास त्यांतील बहुतेक मुद्रांमध्ये कवीचे नाव एकटे येत नाही, ही बाब प्रकर्षाने जाणवते. ज्ञानदेवांच्या अभंगांत ‘बापरखुमादेवीवरु’ ही मुद्रा येते. तीत कवीचे स्वतःचे नाव नाहीच. विठ्ठलाचे, आणि काहींच्या मते त्याच वेळी आईवडिलांचे, स्मरण तिच्यात आहे. एकनाथ ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा घेतात, तेव्हा गुरूचे नाव आपल्या नावाला कायमचे जोडून टाकतात. जनाबाई स्वतःला ‘नामयाची जनी’ किंवा ‘नामयाची दासी’ म्हणवते. सोयराबाई ‘चोखियाची महारी’ म्हणून सही करते. गोरोबा आपल्या नावाला कुंभार हा व्यवसाय जोडतात. कन्नड वचनकारांची पद्धतही या संदर्भात तुलनेसाठी घेता येते. बसवण्णांच्या वचनांत ‘कूडलसंगमदेव’ आणि अक्कमहादेवींच्या वचनांत ‘चेन्नमल्लिकार्जुन’ ही अंकिते येतात. तेथे कवीची ओळखच त्याच्या आराध्याच्या नावाने पटते.

या उदाहरणांवरून नाममुद्रेचे स्वरूप नातेवाचक आहे, असे दिसते. आपण इतरांहून किती वेगळे आहोत, हे सांगण्यावर ब्रँडचा भर असतो. पीटर्स यांच्या लेखातही स्वतःचे वेगळेपण शोधा आणि ते ठसवा, असाच आग्रह आहे. संतांची मुद्रा आपण कोणाशी बांधलेले आहोत, हे सांगते, आणि तरीही जनाबाईचा अभंग नामदेवांचा वाटत नाही. बांधिलकी जाहीर केल्याने तिचे वेगळेपण नष्ट झालेले नाही. ते मुद्रेतून न येता उक्तीतून आलेले आहे.

जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९८८ मधील एका निबंधात उत्तर भारतीय भक्तिकाव्याच्या संदर्भात असे प्रतिपादन केले होते की, या काव्यातील कवीचे नाव लेखकत्वापेक्षा अधिकाराचे द्योतक असते. मराठी संतकाव्याला हे मत बहुतांशी लागू पडते. पण अधिकार म्हटला की तो कोठून आला, हा प्रश्न उरतोच. त्या प्रश्नासाठी तुकोबांकडे वळावे लागते.

४. ‘तुका म्हणे’ : नावामागील तारण

‘तुका म्हणे’ ही मराठीतील सर्वाधिक परिचित नाममुद्रा होय. दिलीप चित्रे यांनी १९९१ मध्ये आपल्या इंग्रजी अनुवादाला ‘सेज तुका’ हे नाव दिले, म्हणजे मुद्रेलाच ग्रंथाचे शीर्षक केले. या मुद्रेत नावाला ‘म्हणे’ हे क्रियापद जोडलेले आहे. तुका आहे कसा, याचे वर्णन ती करीत नाही. तुका काय म्हणतो, तेवढेच ती सांगते. विशेषणाला तेथे जागाच ठेवलेली नाही. न्यायसभेतील साक्षीदार आपले नाव सांगून जबानी देतो, तेव्हा त्या नावाने तो आपली स्तुती करीत नसतो. सांगितलेल्या गोष्टीस तो आपले नाव तारण ठेवीत असतो. ‘तुका म्हणे’ हे या प्रकारचे तारण आहे.

हे तारण किती भक्कम होते, याची साक्ष तुकोबांच्या चरित्रात आणि अभंगांत मिळते. १६३०-३१ च्या दुष्काळात घरातील धन गेले, पत्नी अन्नावाचून मेली, व्यापार बुडाला, लोकांत लाज गेली, हे सर्व त्यांनी एका आत्मपर अभंगात स्वतः सांगितले आहे. त्या अभंगातील एक तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हे सांगू नये, पण संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशी भूमिका तुकोबा आरंभी घेतात. आज अपयशाची कहाणी हीदेखील ब्रँडचे भांडवल मानली जाते. प्रत्येकाने आपल्या पडझडीची एक प्रेरक कथा तयार ठेवावी, असे सांगितले जाते. तुकोबांच्या आत्मकथनात अपयशाचे असे रूपांतर होत नाही. दिवाळे निघाले ते निघाले, आणि त्याची लाज वाटली ती वाटली, एवढेच ते नोंदवतात.

कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा परंपरेने जपली आहे. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांच्या विरोधामुळे अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी त्या तरल्या, अशीही कथा आहे. या कथांतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी लोकस्मृतीने तुकोबांच्या नावाशी काय जोडून ठेवले, हे त्यांतून कळते. येणे असलेला पैसा आणि लिहिलेला शब्द या दोहोंवर पाणी सोडण्याची तयारी, ही या नावामागील जमा आहे.

तुकोबांनी कीर्तनकारासाठी घालून दिलेला एक नियमही याच संदर्भात पाहावा लागतो. जेथे कीर्तन करावे तेथे अन्न घेऊ नये, बुक्का लावून घेऊ नये, हार घालून घेऊ नये, अशा आशयाचा त्यांचा अभंग वारकरी संप्रदायात सुप्रसिद्ध आहे. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर उक्ती आणि तिचा मोबदला यांच्यात अंतर राखण्याचा हा नियम होय. बोलणाऱ्याला बोलण्यातून काही मिळवावयाचे नाही, अशी ऐकणाऱ्याची खात्री पटली, तरच त्याच्या शब्दाला वजन येते, हे व्यावहारिक शहाणपण त्यामागे आहे.

शिवाय आपण आपल्या बळावर बोलत नाही, हे तुकोबा वारंवार सांगतात. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन आपले अपुरे राहिलेले अभंग पूर्ण करण्याचे काम सोपवले, असे त्यांनी नोंदवले आहे. म्हणजे कवित्वाचा आरंभच पूर्वसूरीच्या ऋणातून होतो. ‘मी’ नावाच्या कंपनीचा प्रमुख येथे नाही. दुसऱ्याचे राहिलेले काम पुढे नेणारा एक सेवक येथे आहे.

५. सालोमालो : चोरलेली मुद्रा

एवढे असूनही संतांना आपल्या नावाची फिकीर नव्हती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तुकोबांच्या गाथ्यात सालोमालो या व्यक्तीला उद्देशून काही अभंग आहेत. हा सालोमालो तुकोबांचे अभंग घेऊन त्यांत स्वतःची मुद्रा घालून ते कीर्तनात आपले म्हणून सांगत असे, असे परंपरा मानते. तुकोबांनी त्याची निर्भर्त्सना अतिशय कठोर शब्दांत केली आहे. ‘मी’पणा टाकलेल्या संताला आपल्या नावाच्या जागी दुसऱ्याचे नाव आल्याचा राग का यावा, हा प्रश्न अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही.

आजच्या दृष्टीने याचे सोपे उत्तर देता येईल. ही स्वामित्वहक्काची तक्रार आहे, असे म्हणता येईल. परंतु अभंगांचा रोख पाहता तुकोबांचा आक्षेप मालमत्तेविषयी असल्याचे दिसत नाही. अनुभव नसताना शब्द उचलणे, त्यांवर उपजीविका करणे आणि त्यामुळे श्रोत्यांचे व भक्तीचे नुकसान होणे, हा त्यांच्या संतापाचा विषय आहे. मुद्रा बदलल्याने अभंगातील अक्षरे बहुधा तीच राहिली असतील. बदलले ते त्यांमागचे तारण. दिवाळखोराने दुसऱ्याच्या हुंडीवर सही करावी, तसा हा प्रकार आहे. हुंडीवरील आकडा तोच असतो, पण ती वटत नाही.

‘अस्सल ब्रँड’च्या चर्चेत सालोमालोचे महत्त्व मोठे आहे. सालोमालोकडे आशय होता, श्रोते होते, सातत्य होते आणि नावही होते. ब्रँडशास्त्राच्या कसोट्यांवर तो कदाचित उत्तीर्ण झाला असता. त्याच्यापाशी नव्हते ते एवढेच की, बोललेल्या शब्दासाठी त्याने काही गमावलेले नव्हते. ही उणीव सादरीकरणाने भरून निघत नाही. अर्थात सालोमालोची बाजू आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. आपण त्याला केवळ तुकोबांच्या शब्दांतून ओळखतो, हे भानही अभ्यासकाने ठेवले पाहिजे.

६. नाव कोणाच्या ताब्यात असते?

व्यक्तिगत ब्रँडचा विचार करणारे लेखन एक गोष्ट गृहीत धरते. आपल्या नावाचा अर्थ आपण नियंत्रित करू शकतो, हे ते गृहीतक होय. मराठी संतकाव्याचा इतिहास याला ठामपणे विरोध करतो.

‘नामा’ या मुद्रेचे उदाहरण घेऊ. तेराव्या-चौदाव्या शतकातील नामदेवांनंतर सोळाव्या शतकात महाभारत रचणारा विष्णुदास नामा होऊन गेला. ‘नामा’ ही मुद्रा असलेल्या अनेक रचना एकमेकींत मिसळल्या. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात, म्हणजे पुढील गुरू ग्रंथसाहिबात, नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि त्या पदांतील नामदेव मराठी गाथ्यातील नामदेवांहून काहीसे वेगळे भासतात. ख्रिश्चन ली नोवेत्स्के यांनी ‘रिलिजन अँड पब्लिक मेमरी’ (२००८) या ग्रंथात नामदेव हे नाव कीर्तनाच्या परंपरेत सार्वजनिक स्मृतीने कसे जपले व वाढवले, याचे विवेचन केले आहे. एका नावाखाली अनेकांनी लिहिले, याला तेथे केवळ गोंधळ मानलेले नाही.

ज्ञानदेवांच्या बाबतीतही असाच वाद झाला. १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘सुधारक’ पत्रातून लेखमाला लिहून ज्ञानेश्वरीकार ज्ञानदेव आणि अभंगकार ज्ञानदेव या दोन भिन्न व्यक्ती असल्याचे मत मांडले. ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्तीचा उल्लेख नसणे, हा त्यांच्या मांडणीतील एक प्रमुख मुद्दा होता. पुढील अभ्यासकांनी हे मत सामान्यतः स्वीकारले नाही. मात्र या वादातील एक गोष्ट लक्ष वेधते. ज्ञानदेवांच्या नावाची शहानिशा करणाऱ्या भारदे यांनी स्वतः ‘भारद्वाज’ हे टोपणनाव घेतले होते.

तुकोबांच्या गाथ्याचीही स्थिती याहून फार वेगळी नाही. विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली संपादित केलेली गाथा मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. सुमारे ४,६०० अभंगांच्या या गाथ्यातील प्रत्येक अभंग तुकोबांचाच, असे कोणताही जबाबदार संपादक छातीठोकपणे म्हणणार नाही. तरीही एखादा अभंग ऐकताच ‘हा तुकोबांचा वाटत नाही’ असे म्हणणारे वारकरी आणि अभ्यासक आपल्याला भेटतात. याचा अर्थ अस्सलपणाचा निवाडा श्रोत्यांच्या हाती आहे, आणि तो नावावरून होण्याऐवजी उक्तीवरून होतो. मुद्रा असली म्हणून अभंग खरा ठरत नाही. उलट, अभंग मुद्रेला साजेसा आहे की नाही, हे तपासले जाते.

७. आधुनिक टोपणनावे आणि कोलटकरांचे उदाहरण

छपाईच्या युगात मुद्रा कवितेतून बाहेर पडली आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गेली. परंतु आधुनिक मराठी कवींनी टोपणनावाच्या रूपाने तिचे काही गुण टिकवून ठेवले. कृष्णाजी केशव दामले ‘केशवसुत’ झाले, म्हणजे त्यांनी पित्याचे नाव मुद्रेत घेतले. वि. वा. शिरवाडकर ‘कुसुमाग्रज’ झाले, म्हणजे कुसुमचे थोरले बंधू. राम गणेश गडकरी कवितेसाठी ‘गोविंदाग्रज’, विनोदासाठी ‘बाळकराम’ आणि नाटकांसाठी स्वनामाने वावरले. आधुनिक व्यक्तिवादाच्या पहिल्या कालखंडातही मराठी कवीने आपले काव्यनाम नातेवाचकच ठेवले, ही बाब संतपरंपरेशी असलेला धागा दाखवते.

गडकऱ्यांचे उदाहरण ब्रँडच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. एका व्यक्तीने सर्वत्र एकच सुसंगत प्रतिमा ठेवावी, हा ब्रँडशास्त्राचा पहिला नियम होय. गडकऱ्यांनी तीन नावांनी तीन प्रकारचे लेखन केले, आणि त्यांपैकी कोणतेही खोटे ठरले नाही. अर्व्हिंग गॉफमन यांनी ‘द प्रेझेंटेशन ऑफ सेल्फ इन एव्हरीडे लाइफ’ (१९५९) मध्ये दाखवल्याप्रमाणे मनुष्य वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळ्या भूमिका घेतच असतो. तेव्हा भूमिका अनेक असणे हे अस्सलपणाच्या विरोधी नाही. प्रत्येक भूमिकेतील शब्दाला उत्तरदायी राहणे, ही त्याची अट आहे.

अरुण कोलटकर यांचे उदाहरण तर या विषयाच्या अगदी मर्माशी जाते. जाहिरात क्षेत्रातील ते नामवंत कलादिग्दर्शक होते. वस्तूची प्रतिमा कशी घडवायची, हे त्यांना व्यवसायाने अवगत होते. ‘जेजुरी’ला (१९७६) राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला, आणि १९७७ मध्ये प्रास प्रकाशनाने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह काढला. त्यानंतर पुढील मराठी संग्रहांसाठी वाचकांना सुमारे पाव शतक थांबावे लागले. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तो त्यांच्या पश्चात. प्रसिद्धीची सर्व तंत्रे हाताशी असताना त्यांनी ती स्वतःच्या नावासाठी वापरली नाहीत. ‘भिजकी वही’ हे शीर्षक इंद्रायणीतील वह्यांची आठवण करून देते. जाहिरातीच्या धंद्यातील एका जाणकाराने कवी म्हणून तुकोबांशी नाते सांगावे, हा योगायोग नसावा.

८. अस्सलपणाची विषम किंमत

येथपर्यंतच्या विवेचनातून एखाद्या वाचकाचा असा समज होऊ शकेल की, ब्रँड सोडून मुद्रेकडे वळले म्हणजे प्रश्न सुटला. प्रत्यक्षात तसे नाही. ‘तुम्ही जसे आहात तसे दिसा’ हा उपदेश सर्वांना सारख्याच किमतीत पाळता येत नाही, ही या चर्चेतील सर्वांत गंभीर बाब आहे.

बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीनिमित्त परगावी जातो. राहायला खोली मिळावी म्हणून त्याला आपली जात लपवावी लागते. पुढे ती उघड होते आणि त्याला मारहाण सोसावी लागते. शीर्षकातील ‘चोरली’ हे क्रियापद भेदक आहे. स्वतःचीच ओळख लपवणे ही चोरी कशी होऊ शकते? ज्या समाजात खरे नाव सांगितल्यास डोक्यावरचे छप्पर जाते, त्या समाजात अस्सलपणा हा सद्गुण म्हणून शिकवण्याआधी समाजालाच काही प्रश्न विचारावे लागतात. सालोमालोने दुसऱ्याचे शब्द घेतले ते मिळवण्यासाठी. बागुलांच्या नायकाने स्वतःचे नाव झाकले ते जगण्यासाठी. या दोन ‘खोटेपणां’ना एका तागडीत तोलता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर सोयराबाईची मुद्रा पुन्हा वाचावी. ज्या जातिवाचक शब्दामुळे तिच्या कुटुंबाला मंदिराच्या दारात अडवले गेले, तोच शब्द ती देवाशी बोलताना आपल्या सहीत घालते. त्यातून तिला कोणताही लाभ होण्याची शक्यता नव्हती. आजच्या अर्थाने ती ‘आपली कथा’ विकत नव्हती. ज्याने अडवले त्याच्याकडेच तो शब्द ती परत पाठवीत होती. अस्सल मुद्रेचे याहून धारदार उदाहरण मराठीत विरळाच.

आपल्या महाविद्यालयांतील पहिल्या पिढीचे विद्यार्थी या प्रश्नाला रोज सामोरे जातात. व्यक्तिमत्त्वविकासाच्या वर्गात त्यांना एकीकडे ‘स्वतःसारखे राहा’ असे सांगितले जाते, आणि दुसरीकडे बोलीचा हेल काढून टाका, आडनाव विचारले तर विषय बदला, गावाऐवजी शहराचे नाव सांगा, अशा सूचना कधी उघड तर कधी आडून मिळतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर कौशल्याधारित अभ्यासक्रमांवर भर वाढला आहे. अशा वेळी ‘स्वतःची ओळख घडवणे’ हे कौशल्य म्हणून शिकवताना कोणाची ओळख बाजारात चालते आणि कोणाला ती बदलावी लागते, हा प्रश्न शिक्षकाने टाळता कामा नये.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मराठी संतकाव्यातील नाममुद्रा प्राधान्याने नातेवाचक आहे. ती कवीचे वेगळेपण जाहीर करण्याऐवजी त्याची बांधिलकी जाहीर करते, आणि वेगळेपण उक्तीवर सोपवते.

२) ‘तुका म्हणे’ या मुद्रेतील ‘म्हणे’ हे क्रियापद नावाला साक्षीदाराची जबाबदारी देते. मुद्रेमागे काय गमावण्याची तयारी आहे, यावर तिची विश्वासार्हता अवलंबून असते.

३) सालोमालोच्या प्रकरणावरून आशय, श्रोते व सातत्य एवढ्याने नाव अस्सल होत नाही, हे स्पष्ट होते.

४) नावाचा अर्थ नावधारकाच्या ताब्यात राहत नाही. नामदेव-ज्ञानदेवांच्या नावांचा इतिहास असे सांगतो की, अस्सलपणाचा अंतिम निवाडा ऐकणारे आणि वाचणारे करतात.

५) अस्सलपणाची किंमत समाजात विषम वाटली गेली आहे. म्हणून त्याचा उपदेश करताना ती किंमत कोण मोजतो, हे विचारणे नैतिकदृष्ट्या आवश्यक आहे.

व्यक्तिगत ब्रँडची संकल्पना सर्वस्वी त्याज्य आहे, असा या लेखाचा दावा नाही. उपजीविकेसाठी आपले काम लोकांपर्यंत नेणे गरजेचे असते, आणि कीर्तनाच्या फडावर संतांनीही ते नेलेच. आक्षेप आहे तो अस्सलपणाला तंत्र समजण्यावर. विद्यार्थ्याला स्वतःची ओळख घडवावयास शिकवायचे असेल, तर परिचयपत्राचा नमुना देण्यापूर्वी त्याला एक पानभर मजकूर त्याच्या स्वतःच्या भाषेत लिहावयास सांगावा, खाली सही करावयास सांगावी, आणि त्यातील प्रत्येक वाक्यावर वर्गाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावयास लावावीत. त्या वाक्यांत त्याच्या बोलीचा हेल आला म्हणून गुण कापू नयेत, ही जबाबदारी मात्र शिक्षकाची आहे.